येत्या वर्षीचे दहा बँड

बटण दाबलं की श्रवणतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर हिरवा दिवा लागत असे, साधारण अर्धा सेकंद. गेल्या तीन मिनिटांत तो एकवीस वेळा लागला. बाईंनी सूर चौदाच सोडले होते.

त्यांनी यंत्र थांबवलं आणि काचेपलीकडच्या बंद खोलीचं जाड दार उघडलं. आतल्या तरुणीने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘बँडमध्ये ड्रम वाजवते.’

"ऐकू आल्यावरच दाबायचं हं."

"ऐकू आलं म्हणूनच दाबलं."

"त्यातल्या सात वेळा मी काही वाजवलंच नव्हतं."

तरुणीने हातातल्या बटणाकडे पाहिलं. "गेल्या वर्षी दुसरीकडे तपासून घेतलं होतं. कान ठणठणीत आहेत म्हणाले."

"तिथे सूर ठरावीक अंतराने यायचे का?"

तिने गुडघ्यावर बोटाने ठेका मोजून पाहिला. "चार मात्रांनी," ती मग म्हणाली. "दोन-तीन झाले की मोजावंही लागत नाही. हात आपोआप जातो."

"म्हणजे तुम्ही ऐकत नव्हतात."

"मला वाटलं, ऐकतेय."

"मी मधलं अंतर बदलत ठेवते. तुम्ही अंदाज करू नका. नाही आलं ऐकू, तर नाही आलं. इथे कोणी नापास होत नाही."

दार बंद झालं. या वेळी चौदा सुरांना दिवा पाचदा लागला.

बाईंनी तिला बाहेर बोलावलं आणि आलेख टेबलावर ठेवला. उजव्या कानाची रेघ थोडीशी उतरती होती. डाव्या कानाची रेघ निम्म्या कागदापर्यंत सरळ आली होती आणि तिथून एकदम खाली गेली होती.

"वाजवताना डावीकडे काय असतं तुमच्या?"

"झांजांची जोडी. आणि भावाच्या गिटारचा स्पीकर."

"किती वर्षं?"

"अकरा."

"कानात बोळे?"

"घालून पाहिले. ताल शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो." तिने रेघेवरून नजर काढली नाही. "हे परत वर येतं का?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं टिकवता येतं. गोंगाटापासून लांब राहावं लागेल."

"तो गोंगाट नाहीये."

"कानाला त्यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती.

"आणि आता बोळे घातले तर? बत्तीस दिवसांचा दौरा आहे, रोज दोन तास?"

"एखाद्या दिवसाला मी हो म्हटलं असतं."

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता तिचा धाकटा भाऊ आत आला. बँडमध्ये गिटार वाजवणारा आणि गाणारा तोच. बाहेरच्या बाकावर बसून त्याने तासभर फोन बघितला होता.

"ताई, किती मळ निघाला? टाकू नका हो मॅडम, डबीत भरून द्या. दौऱ्यावर चाहत्यांना वाटू."

"हळू," ती म्हणाली.

"हळू कसलं? यादी आली! ‘येत्या वर्षी लक्ष ठेवावेत असे दहा बँड.’ सातवे आपण! तीन ओळी आहेत, त्यातल्या दीड तुझ्यावर. ‘यांच्या ड्रमवर घड्याळ लावून घ्यावं.’ आणि माझ्या गाण्याला काय म्हटलंय? प्रामाणिक! शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं."

ती हसली. तो फोन दाखवायला तिच्या डाव्या बाजूला आला आणि बाईंकडे पाहून आवाज खाली आणत काहीतरी बोलला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

"हो."

"हो काय? मी विचारलं, मॅनेजरला दौऱ्यासाठी हो कळवू की नाही? आम्ही बाकी तिघांनी तीन आठवड्यांपूर्वी कळवलंय. तू रोज म्हणतेस, उद्या सांगते. तो आज दुपारपर्यंतच थांबणार आहे."

तिने आलेख त्याच्याकडे सरकवला. त्याने तो एकदा सरळ आणि एकदा उलटा धरून पाहिला.

"हे काय? कुणाच्या गाण्याचं?"

"माझा डावा कान आहे."

त्याचं बोट रेघेवरून चालत गेलं आणि उतार लागला तिथे थांबलं. "इथे खाली काय आहे?"

"तू बोलतोस त्यातलं बरंचसं. वर्षभर मी तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतेय."

"आणि स्टेजवर?"

"स्टेजवर मोजते."

"मग बरोबर मोजतेस की," तो म्हणाला. त्याने फोन पुन्हा तिच्यासमोर धरला. "लिहिलंय ना इथे. घड्याळ लावून घ्यावं, म्हणून."

बाई आपल्या वहीत नोंद करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

फोन त्याच्या हातातच थरथरू लागला. पडद्यावर मॅनेजरचं नाव होतं. तो घेईना आणि बंदही करीना. तीन-चार वेळा वाजल्यावर तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि उजव्या कानाला लावला.

"मी बोलतेय. हो, वाचली यादी. तुमचंही अभिनंदन." ती थोडं थांबली. "नाही, तो इथेच आहे, पण हे मलाच सांगू द्या. मी दौऱ्यावर येत नाहीये. दौऱ्यानंतरही नाही. ड्रमवर दुसरं कोणी बघा. मी वाजवणं थांबवलंय."