तोंड दिसेल असा फोटो

“हिचं नाक कुठंय?” हवालदारानं विचारलं.

भिंगवाल्यानं मोबाईलवर बोट ठेवलं. “हे काय, इथं.”

“हा डोळा झाला. तोही एकच. बाकी सगळं दुधात बुडवल्यासारखं.” हवालदार माणूस वाईट नव्हता, त्यालाही पोरी होत्या. “अहो, तुमची पोरगी काल सकाळपासून बेपत्ता. फोन बंद. मला हा फोटो बसस्टँडवर, स्टेशनवर, सगळ्या चौक्यांवर पाठवायचाय. हा बघून तिची सख्खी आई तरी ओळखेल का? तोंड दिसेल असा साधा फोटो आणा.”

“आत्ता आणतो,” म्हणत भिंगवाला घराकडं पळाला.

फोटोवर पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात साध्या फोटोला काय तोटा? पण तिथंच तर गोची होती. कॅमेरा त्याचा नवाकोरा, आत आरसा नसलेला, पिसासारखा हलका. त्यावर गडी लावायचा मात्र सोव्हिएत काळातली रशियन लेन्स. लोखंडी वजनासारखी जड, आणि फोकस हातानं फिरवून करायचा. ती नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही, म्हणून मध्ये एक कडं लावायचं. कुठं कुणी जुनी लेन्स मोडीत काढली की हा हजर. सगळी गल्ली त्याला भिंगवाला म्हणायची ती उगाच नाही.

त्या लेन्सच्या आतली पाती सताड उघडी ठेवली, की माणसाचा एक डोळा तेवढा धारदार येतो आणि मागची झाडं भोवऱ्यासारखी गरगर फिरतात. त्याला त्या भोवऱ्याचं वेड. पाती मिटून फोटो काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. “सगळंच स्पष्ट काढायला मी काय एक्स-रे काढतोय?” म्हणायचा. आणि समोर उभं राहायला हक्काची पोरगी घरातच होती.

आता तो कॉम्प्युटरपुढं बसून फोटो उघडत होता. पोरगी खिडकीत, म्हणजे पापणी. पोरगी झाडाखाली, म्हणजे केसांची एक बट. पोरगी हसताना, तर हसू कुठल्या कुठं वितळून गेलेलं, कानातलं डूल तेवढं लखलखीत. कॉम्प्युटरला सांगितलं, धंद्यासाठी घेतलेल्या नव्या लेन्सचे फोटो दाखव. तर रांगेनं सगळी गिऱ्हाइकं पुढं आली. पोरगी त्यात औषधालासुद्धा नाही.

बायको मागं उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण जीभ शाबूत होती.

“एवढी घोड्याएवढी पोर, आणि घरात तिचं तोंड नाही. मी म्हणत होते, मला कॅमेऱ्याचा मोबाईल घेऊन द्या. तर म्हणे, घरात फोटोग्राफर असताना कशाला.”

“शाळेतला होता की एक.”

“तेव्हाचे तिचे दुधाचे दात पडलेत. तो घेऊन हिंडा, म्हणजे लोक दुसऱ्याच कुणाची तरी पोर आणून देतील.”

“तिच्या मैत्रिणींकडं असेल.”

“कुठल्या मैत्रिणी? तुम्हाला एकीचं तरी नाव ठाऊक आहे? सांगा की. मला नाही.”

त्यालाही नव्हतं.

आणि मग त्याला भिंत आठवली.

नवी-जुनी कुठलीही लेन्स हाती आली की भिंगवेडे लोक आधी तिची परीक्षा घेतात. विटांच्या भिंतीपुढं कॅमेरा उभा करायचा, पाती मिटायची आणि बघायचं, काच कडेपर्यंत चोख आहे की कोपरे धूसर करते. गेल्याच आठवड्यात एक लेन्स आली होती. नुसत्या विटांवर त्याचं भागेना, म्हणून त्यानं पोरीला पेपर उघडून छातीशी धरायला लावला होता.

त्यानं तो फोटो उघडला. देव पावला. अख्खी पोरगी! कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ. चपलेचा तुटलेला पट्टा तिनं पिन लावून जोडला होता, तीसुद्धा दिसत होती. बायको पुढं झाली. पडद्यावरच्या गालाला तिनं बोट लावलं, आणि पदरानं तिथंच पुसत राहिली. काय झालं ते विचारायला त्याला सवड नव्हती. फोटो मोबाईलवर घेऊन तो धावत सुटला.

“आता कसं!” हवालदार म्हणाला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. “अरे वा. पेपरातलं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतंय.”

“कोपऱ्यातलं बघा,” भिंगवाला सवयीनं बोलून गेला. आठवडाभर तो कोपरेच बघत होता. चार भिंगवेड्यांना फोटो पाठवला होता, त्यांनीही कोपरेच बघून वाहवा केली होती.

हवालदारानं बोट वर सरकवलं. पेपर संपला, चेहरा आला. त्याचं बोट थांबलं.

“अहो,” तो हळू आवाजात म्हणाला, “ही रडतेय.”

भिंगवाला वाकला. डोळे सुजलेले होते. खालच्या पापणीवर पाणी होतं, नुसतं गालावर उतरायचं बाकी. ओठ अर्धवट उघडे.

“काहीतरी बोलतेय, तुमच्याकडं बघून.” हवालदारानं मान वर केली. “आठवा जरा, त्यावरून काही धागा लागेल. काय म्हणत होती?”

भिंगवाला आठवू लागला. पार मेंदू पिळून आठवू लागला. ऊन आठवलं, विटा आठवल्या, बोटाखाली फिरणारं लेन्सचं गार कडं आठवलं. पोरीचा मात्र एक शब्द आठवेना. आठवला तो त्याचा स्वतःचाच आवाज.

“नंतर सांग. पेपर हलतोय.”