एकादशीचं पोट

शेवंताबाईंना भूल देण्याआधी डॉ. नलिनी वाघुळदेंच्या कानातला आदर-मणी, रुग्णाच्या श्रद्धेचा अनादर झाला की डॉक्टरच्या नावावर नोंद करणारं ते चिमुकलं यंत्र, कुजबुजला, ‘रुग्णाची एकादशी. पोट रिकामं. व्रताबद्दल प्रश्न विचारू नयेत.’

नलिनीने कपाळाला हात लावला. परदेशात घडवलेल्या या मण्याला एकादशी कुणी शिकवली होती, देव जाणे! अनादराच्या दोन नोंदी तिच्या नावावर होत्याच. तिसरी झाली की महिनाभर ऑपरेशन थिएटरबंदी. पण भरल्या पोटी भूल दिली, तर अन्न उलटून थेट फुफ्फुसात जाण्याची भीती.

“मावशी, सकाळपासून काय काय खाल्लंत?”

मणी चिरकला.

“खाल्लं कुठे, बाई?” शेवंताबाई दुखावल्या. “तुम्ही उपाशी यायला सांगितलंत, म्हणून तर एकादशीच गाठली. वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी अन् निघताना सुनेने दिलेला शिंगाड्याचा शिरा, तेवढंच.”

“ऑपरेशन उद्या,” नलिनीने नर्सला सांगितलं.

‘तिसरी नोंद. उद्यापासून थिएटरबंदी.’

नलिनीने मणी काढून ट्रेमध्ये आपटला. “मावशी, उद्या दुसरे डॉक्टर असतील. काहीही खाऊन येऊ नका.”

“उद्या तर द्वादशी! सकाळीच जेवून उपास सोडायचा असतो.”

नलिनीने पेन काढलं आणि शेवंताबाईंच्या तळहातावर ठळक लिहिलं, ‘आधी विचारा, काय खाल्लं.’