माफीचा मजकूर

मिठाची गोणी, तोंड सुटलेली.

‘सर, अगदी मनातलं लिहिलंत.’ मोबाईलवर, पुण्याहून कुणीतरी.

प्लास्टिकची खुर्ची, एक पाय सुतळीनं आवळलेला.

‘असल्याला समाजात ठेवायचं कामून?’ खाली पिवळे हसरे चेहरे.

ओल्या फडक्यात बेलाची पानं.

आणि दानम्मा, कुणाकडंच न बघता विचारणारी, “स्वामी कवा येनार रे?”

शिवकुमारनं आईपुढं पाण्याचा तांब्या सरकवला. अप्पांना, म्हणजे वडील मलप्पांना, पहाटेच भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. मातीत बसवायचं तसंच. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. मुरुडच्या बाजारात उभा जन्म किराणा विकलेला माणूस. एरवी असा लिंगायत माणूस गेला, लिंगैक्य झाला की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आज ऊन पत्र्यावरून ओसरीत उतरलं, तरी दाराशी चपला घरच्यांच्याच होत्या.

कारण एवढंच. शिवकुमार नांदेडला कॉलेजात शिकवतो आणि रविवारी चहा पिता पिता फेसबुकवर ‘सहजच’ काहीतरी लिहितो. कधी ऑटोच्या हॉर्नवर, कधी लग्नातल्या डीजेवर. मागच्या महिन्यात सहजच लिहून गेला: खड्ड्यात बसवलेल्या प्रेताच्या डोक्यावर स्वामींनी पाय ठेवायची आपली रीत आता सोडू या, जन्मभर मान ताठ ठेवलेल्या माणसाला जाताना तरी कुणाच्या पायाखाली घालू नये. शाबासक्या आल्या, शिव्या आल्या. मग शाबासकीवाले आणि शिवीवाले एकमेकांच्या आया काढत बसले. मुरुडच्या समाजाच्या ग्रुपवर ठरलं, ह्याच्या दारात कुणी जायचं नाही.

तेव्हा दारात जायचं कुणाला काही कारणही नव्हतं.

माणिकप्पा काका बाहेरून आले, उंबऱ्यातच टेकले. “स्वामी यायला तयार हायेत. म्हातारं देवमानूस. पन समाजाची पोरं त्येन्ला गाडीच देईनात. म्हनतेत, आधी ते लिवलेलं काढा, ग्रुपवर माफी मागा. तवर कुदळ लागनार न्हाई.”

“मी मजूर लावतो, काका. स्वामींशिवायच करू.”

“कर की. त्या तुझ्या लाईकवाल्यायला बोलव. खांदा द्याया लागंल, माती लोटाया लागंल. अंगठे लई हायेत की त्यांच्यापाशी.”

शिवकुमारनं लातूरच्या एकाला फोन लावला. ‘सर, लढा, आम्ही सोबत आहोत’ असं त्यानं लेखाखाली लिहिलं होतं.

“अरेरे, सर,” तो म्हणाला. “नेमकी आज पोरीच्या क्लासची टेस्ट हाय. सोडायला मीच लागतो. पण मी पोस्ट टाकतो ना, सर. कडक टाकतो.”

दानम्मानं सगळं ऐकलं होतं. ती उठली, पदरानं अप्पांच्या गालावरची माशी हाकलली.

“त्यो पाय लागल्याबगर हे शिवापाशी जातील का?” तिनं विचारलं. “तुझं लिवनंबिवनं मला कळत न्हाई. एवढं सांग.”

शिवकुमारनं तिच्याकडं बघितलं. खिशातून मोबाईल काढला.

लेख एका बोटानं पुसला गेला. माफीला वेळ लागला. त्यानं लिहिलं, ‘माझ्या लेखनामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. लगेच उत्तर आलं: ‘असतील तर काढा. दुखावल्यात.’ त्यानं काढलं. मग ‘लेखन’ काढून ‘चूक’ घालायला सांगितलं. घातलं. एरवी पोरांच्या निबंधांत तांबड्या पेनानं खुणा करणारा माणूस, मुकाट दुरुस्त्या करत होता.

ग्रुपवर जोडलेले हात उगवले. त्यामागून, त्याच माणसांची, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग माणसं स्वतः आली, कुदळी घेऊन. मनापासून रडली. ‘असल्याला समाजात ठेवायचं कामून’ असं लिहिणाऱ्यानं तर शिवकुमारला मिठी मारली. “शाळेत जाताना अप्पा लिमलेटची गोळी हातावर ठिवायचे रे,” म्हणाला, आणि त्याचा खांदा ओला केला.

रुद्रभूमीत अप्पांना खड्ड्यात बसवलं. मीठ पडलं, विभूती पडली, बेल पडला. डोकं तेवढं वर राहिलं. काठावर घरची प्लास्टिकची खुर्ची टाकून स्वामींना टेकवलं. म्हातारपण, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय काही उचलेना. त्यांनी मांडीला हात घालून ओढून पाहिलं. सगळे बघत होते.

“शिवकुमार,” स्वामी हळूच म्हणाले, “जरा धर की, बाबा.”

तो वाकला. स्वामींची टाच ओंजळीत घेतली. पाय गार होता, वजनाला काहीच नव्हता. त्यानं तो उचलला आणि बापाच्या डोक्यावर ठेवला. पाय थरथरत होता. घसरू नये म्हणून वरून दाबून धरला.

मागं दानम्माला हुंदका फुटला, सकाळपासूनचा पहिला. कुणीतरी ग्रुपसाठी फोटो काढला.

तो लेख टाकला त्या रविवारी सगळ्यात आधी फोन अप्पांचा आला होता. बरं लिवलास, माझ्या टायमाला ध्यानात ठेव, म्हणाले होते.