चाळिसावं झाकण

ती शिकाऊ संशोधक महिनाभर वाळवंटात काठापर्यंत पुरलेल्या चाळीस बादल्या रोज तपासत होती. ज्या दुर्मीळ पालीसाठी हा सगळा खटाटोप, ती एकदाही बादलीत पडली नव्हती. काल मोजणी संपली, तेव्हा कुणी आत पडून मरू नये म्हणून तिने एकेक करून बादल्यांना झाकणं लावली. आज निघताना जीपमध्ये सामान चढवलं, तेव्हा तिला दिसलं. चाळिसाव्या बादलीचं झाकण जीपमध्येच होतं.

"महिनाभर रिकामी होती, आज कोण पडणार त्यात?" ड्रायव्हरकाका वैतागले. "जीप जात नाही तिकडे. या उन्हात तीन किलोमीटर तंगडतोड करशील?"

"खड्डा मी खणलाय, काका," म्हणत तिने झाकण काखोटीला मारलं आणि तरातरा निघाली.

परतली तेव्हा टाचा सोलवटल्या होत्या, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"तीच होती, काका! बोटाएवढी! झुडपाच्या सावलीत सोडून आले."

"अगं, नशीबच उघडलं की तुझं! वहीत नोंदवलीस ना?"

"नोंदवली तर! मोजणीत नाही, ती कालच संपली. शेवटच्या पानावर, 'माझ्या चुका' लिहिलंय ना, त्याच्या खाली."