इंजिन बदलेपर्यंत

धक्का बसायच्या आधीच डब्याचं दार उघडलं.

लुबोर हावरानेक गोण्यांमागे तसाच पडून राहिला. गोण्यांत चिनीमाती होती. जर्मनीत, बव्हेरियातले कपबशांचे कारखाने ती चेकोस्लोव्हाकियातून मागवत.

"या बाहेर," दारातून कोणीतरी चेक भाषेत म्हणालं. "बूट दिसताहेत तुमचे."

माल भरणाऱ्या मातोउशने त्याला एकच खूण सांगितली होती. "सरहद्दीवर इंजिन बदलतात. आपलं सुटतं, त्यांचं लागतं. असा दणका बसतो की दात वाजतात. तोवर तू मेलास असं समज." वाटेत गाडी थांबली होती, कुत्री डब्याला नाक लावून भुंकली होती, गाडी पुन्हा निघाली होती. दणका मात्र बसला नव्हता.

पांढऱ्या धुळीने माखलेला लुबोर खाली उतरला. समोर जर्मन जकातीच्या गणवेशातला एक जाडजूड अधिकारी उभा होता.

"येशू, मारिया! गिरणीतून आलात की काय? घाबरू नका, पोचलात तुम्ही. हे जर्मनी."

लुबोरने आधी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे तेच काळं इंजिन होतं, बाजूला चेक रेल्वेची अक्षरं. पायरीवर बसून कोळसेवाला चरबी लावलेला पाव खात होता आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत होता, "हे धुकं तुझ्या सासूसारखं आहे बघ. एकदा आलं की जायचं नाव नाही!" बोली अस्सल चेक, प्लझेन शहराची.

म्हणजे सरहद्द अजून पुढेच होती.

लुबोरला मेव्हण्याची आठवण झाली. तो दोन वर्षांपूर्वी, एकोणपन्नास साली जंगलातून पलीकडे गेला होता. निदान त्याला तसं वाटलं होतं. झाडीत एक चौकी होती, तिच्यावर परका झेंडा. आतल्या माणसाने चॉकलेट दिलं, पाठ थोपटली, वाट कोणी दाखवली ते विचारलं. मेव्हण्याने आनंदाने नावं सांगितली. सकाळी त्याला ज्या गाडीत बसवलं ती थेट प्लझेनच्या तुरुंगात गेली. नावं सांगितलेली माणसं तिथे आधीच पोचली होती. चौकी, झेंडा, सगळं चेक पोलिसांनीच रचलेलं होतं.

अधिकाऱ्याने त्याला एका उबदार खोलीत नेलं. कॉफी आली, अमेरिकन सिगारेटचं पाकीट समोर आलं.

"चेक छान बोलता तुम्ही," लुबोर म्हणाला.

"न बोलायला काय झालं? जन्म तिकडचाच माझा, खेबजवळचा. सेहेचाळीस साली आम्हा जर्मनांना एकेक गाठोडं देऊन हाकललं. बायको अजून तिकडचेच क्नेडलिक, पिठाचे गोळे, उकडते. रस्सा मात्र इकडचा. त्यामुळे धड काहीच लागत नाही."

चांगलं पाठ केलंय, लुबोरला वाटलं. तो हसला.

"इकडे कोणी आहे का तुमचं?"

लुबोरची बायको ड्राहोमीरा आणि लेक जर्मनीतच, न्यूरेम्बर्गच्या निर्वासित छावणीत त्याची वाट पाहत होत्या. लेकीला बापाचा चेहरा आठवत असेल की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"कोणी नाही."

"डब्यात कोणी बसवलं? नसेल सांगायचं तर राहू दे. आमचे वरचे विचारतात म्हणून विचारतो."

हाच तो प्रश्न. लुबोरने कप खाली ठेवला. मातोउशला तीन पोरं होती.

"कोणी नाही बसवलं, साहेब. माल लावत होतो, डोळा लागला, दार बंद झालं. मला परत कामावर जायचंय."

अधिकारी त्याच्याकडे बघतच राहिला. "परत? अहो, खाणीत सक्तमजुरीला घालतील तुम्हाला! शुद्धीवर आहात ना?"

"माझ्या देशाबद्दल असं बोलू नका," लुबोर मोठ्याने म्हणाला. दाराआड कोणी ऐकत असेल तर त्यालाही ऐकू जावं म्हणून.

"हे बघा, भल्या माणसा. पोटभर खा, झोपा. उद्या बोलू."

"आज. आत्ता. याच गाडीने."

"आयुष्यात असा माणूस नाही पाहिला." अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मी कोणाला बांधून ठेवू शकत नाही. पण पुन्हा एकदा विचारतो. खरंच?"

"खरंच."

अधिकाऱ्याने ते सिगारेटचं पाकीट लुबोरच्या खिशात कोंबलं आणि दार उघडलं. नाटक शेवटपर्यंत छान वठवलं, लुबोरच्या मनात आलं. त्याने पाकीट काढून टेबलावर परत ठेवलं.

मालाचे डबे तिथेच सोडून, रिकामे डबे घेऊन तेच इंजिन परत निघालं. लुबोर शेवटच्या डब्यात गार्डाशेजारी बसला होता. गार्ड चेक होता, म्हातारा, आणि त्याच्याशी एक शब्दही बोलत नव्हता. लुबोरला त्याचं काही वाटलं नाही. अंग हलकं झालं होतं. एकही नाव त्याने दिलं नव्हतं. झोप लागली एवढ्यावर फार तर पगार कापतील. वसंतात पुन्हा प्रयत्न करता येईल, आणि तेव्हा इंजिन बदलेपर्यंत तो बूटसुद्धा दिसू देणार नव्हता.

जंगलात गाडीचा वेग कमी झाला. धुक्यातून आधी एक मनोरा वर आला. मग रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काटेरी तार दिसली, तिच्यापलीकडे नांगरून सपाट केलेला पट्टा. कुत्र्याला आवरत एका सैनिकाने रुळांवरचं फाटक उघडलं.

"ही तार कसली?" लुबोरने विचारलं.

"कसली म्हणजे?" गार्ड उठला आणि कोटाची बटणं लावू लागला. "इंजिनं बदलतात ते त्यांच्या स्टेशनात, आत्ता आपण होतो तिथे. सरहद्द ही इथे आहे."