ठोके

मोर्चा चौकात आला तरी कुणी घोषणा देईना. डोक्यावरची सरकारी ड्रोन्स प्रत्येकाच्या छातीतले ठोके मोजत होती. ज्याचे वाढतील त्याच्या कपाळावर लाल ठिपका पडे, आणि ठोके उतरले नाहीत तर गोळी. म्हणून सगळे अंगाई गुणगुणत सावकाश चालले होते.

शेवंताबाई सर्वांत पुढे होत्या. त्यांचा मुलगा परवा इथेच गोळी लागून पडला होता.

माणसं थांबत नाहीत हे पाहून समोरचा कोवळा शिपाई घामाघूम झाला. ठिपका त्याच्याच कपाळावर आला.

शेवंताबाईंनी पुढे होऊन त्याची छाती थोपटली. "घाबरू नको, बाळा. माझ्याबरोबर म्हण."

शिपाई गुणगुणू लागला. ठिपका विझला.

थोपटता थोपटता शेवंताबाईंना हाताखाली आपलाच मुलगा जाणवला. अंगाई मध्येच तुटली, आणि शिपायाला त्यांच्या कपाळावर लाल ठिपका दिसला.