मुलाकडची आई

आधी पोराच्या वाटीत मासा वाढायचा, मग स्वतःच्या. हॉटेलचा जिना चढताना येबुनने हे तीनदा घोकलं. आज कॅमेरा नव्हता, म्हणजे चुकलं तर पुन्हा घ्यायची सोयही नव्हती.

चौतीस वर्षं ती सिनेमा-टीव्हीत आयाच करत आली होती. इस्पितळाच्या दारात रडणारी आई, पोलीस चौकीत गयावया करणारी आई, झालंच तर नायकाच्या मित्राची आई. पडद्यावर नाव मात्र एकदाही आलं नाही. हल्ली कामं आटली, म्हणून लग्नकार्याला भाड्याचे नातेवाईक पुरवणाऱ्या सोलमधल्या एका कचेरीत तिने फोटो देऊन ठेवला होता. मुलगा अनाथ आहे, मुलीकडच्यांना कळता कामा नये, असं कचेरीतल्या बाईने बजावलं. आणि फोटोवर बोट ठेवून तो म्हणाला म्हणे, हीच आई पाहिजे. येबुन दिवसभर खुशीत होती. एवढ्या वर्षांत तीच हवी म्हणून कोणी मागितलं नव्हतं हो!

नवरामुलगा हानगिल दाराशी नव्या सुटात अवघडून उभा होता. तिच्याकडे बघेचना.

"मान वर कर," तिने त्याची कॉलर नीट केली. "आईबरोबर आलायस."

त्याचे कान लाल झाले.

आत लग्नाच्या बोलण्यांसाठी नवरीमुलगी दानबी आणि तिचे आईवडील बसले होते. दानबीची आई येबुनवरची नजर काढेना. टीव्हीवरची म्हणून ओळखलं, तर पोराचं लग्न मोडलंच. घाबरून येबुन बोलत सुटली. हा झाला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता, सासूबाई बाळंतिणीला द्यायचं समुद्रशेवाळाचं सूप उकळत बसल्या होत्या...

हानगिलला ठसका लागला. मेलं, जन्म तर ऑगस्टचा!

दानबीच्या वडिलांनी वाटीत डोकं घातलं. तिची आई शांतपणे म्हणाली, "डोंगराकडच्या हवेचा काही नेम नसतो," आणि तिने येबुनचा पेला भरला.

येबुनचा जीव भांड्यात पडला. मग तिला असा काही सूर लागला म्हणून सांगू! किती वाळलास म्हणून तिने हानगिलला झापलं, सुनेला जवळ बसवून घेतलं, व्याह्यांना हसवून हसवून बेजार केलं. लग्नाची तारीख ठरली. रीतीप्रमाणे मांडवात दोघी आयांनी मेणबत्त्या लावायच्या, मुलाकडचीने निळं नेसायचं, मुलीकडचीने गुलाबी, हेही ठरलं. आपण काम करतोय हे येबुन साफ विसरून गेली होती.

निघताना बाकीची मंडळी पुढे गेली. दानबीच्या आईने तिचा हात धरला.

"विहीणबाई, रागावू नका. आपण अनाथाश्रमात वाढलो हे हानगिलने पहिल्याच भेटीत सांगितलंय आम्हाला. लहानपणी टीव्हीवर तुम्ही दिसलात की हा ओरडायचा, माझी आई आली. लग्नात तुम्हीच हव्या होत्या त्याला, पण विचारायला धजेना. मग मीच म्हटलं, कामाला बोलाव. कामाला त्या नाही म्हणायच्या नाहीत."